बावीस किलोचं पोतं

"ट्वेंटी टू!" असं काट्यापाशी कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या, तेव्हा माझ्या खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ. माझा सत्कार चालला होता.

सत्कारात माझं लक्ष नव्हतं. बाटल्यांचं पोतं बावीस किलो कसं भरेल, एवढंच डोक्यात होतं. बांधावर पडलेला कचरा म्हणजे काय? पाण्याच्या बाटल्या, पिशव्या, चिप्सची पाकिटं. पाय देऊन कोंबला तरी पोतं सहा-सात किलोच्या वर जात नाही. बावीस भरायला आत दगड पाहिजे, नाहीतर माती.

आणि बांध साफ करायला आलेले लोक जिथून पोती आणत होते तिथे हाताने उकरता येईल अशी माती एकाच जागी होती. माझ्या मानशीत.

मानस काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. डिचोली तालुक्यात, नार्व्याच्या बाजूला नदीकाठी आमचं खाजन आहे. खाजन म्हणजे नदीच्या पातळीखालची शेतजमीन. समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर नदीतून वर आमच्यापर्यंत येतं. ते शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. त्या बांधाला एक दरवाजा असतो, ती मानस. लाकडाची चौकट, दोन फळ्या. भरती आली की नदीच फळ्या ढकलून बंद करते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी त्या ढकलून उघडतं. वीज नाही, मोटर नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी कुठल्या युनिव्हर्सिटीत जाऊन हे शिकलेलं नाही.

फळ्या आपलं काम करतात. धोका असतो तो चौकट आणि दोन्ही बाजूंचे चिरे यांच्यामधल्या फटींना. तिथे आम्ही पेंढ्याच्या वेण्या ठोकून बसवतो आणि वरून चिकणमाती थापतो. दिसायला ते घाण दिसतं. काळं, शेवाळलेलं, वास मारणारं. तसंच दिसायला पाहिजे. मी बत्तीस वर्षं ही मानस राखतो. खाणी बंद पडल्या, ट्रक गंजले, नदीतल्या बार्जी थांबल्या. माझं काम एक दिवस थांबलं नाही. नदी सुट्टी घेत नाही.

आता हे लोक कोण ते सांगतो.

परदेशात एक मोठी युनिव्हर्सिटी आहे. नाव मला नीट उच्चारता येत नाही म्हणून लिहीत नाही. तिचे अ‍ॅल्युमनी जगभर आहेत. अ‍ॅल्युमनी म्हणजे कॉलेज सोडून वीस-तीस वर्षं झाली तरी ज्यांना ते सोडवत नाही असे लोक. मी तिसरीत शाळा सोडली, मला अजून कोणी परत बोलावलेलं नाही. तर हे लोक वर्षातून एक दिवस सगळ्या देशांत समाजसेवा करतात, मग एकत्र जेवतात. गोव्यातही त्यांची शाखा आहे. आमच्या शेतकरी संघटनेचा अध्यक्ष उल्हास, माझ्या चुलतभावाचा मुलगा, पणजीला बँकेत आहे. त्याच्या बँकेत त्या शाखेच्या मॅडमचं खातं. तिथे गप्पा झाल्या आणि समाजसेवा आमच्या बांधावर आली.

उल्हास माझ्याकडे आला.

"आबा, शनिवारी लोक येतले. धा वाजता. बांध साफ करतले."

"शनिवारी पुनव. धा वाजता भरती चढता. पाचाक येवंक सांग, पाणी उतरलेलां आसता."

"फाटेचे पाचाक कोण येतलो, आबा?"

"नदी येता मरे."

त्याने सरळ मॅडमना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मॅडम गोड बोलल्या. "काका, हा आमचा ग्लोबल डे आहे. जगभर आम्ही एकाच वेळी काम सुरू करतो, सकाळी दहाला."

"जगभर एकाच वेळी?"

"हो ना! लंडनला तिथले दहा, दुबईला तिथले दहा."

"मग ती एक वेळ कुठे झाली?"

उल्हासने फोन काढून घेतला.

शनिवारी ते आले. तीसेक माणसं, सगळ्यांना एकसारखे निळे टी-शर्ट, हातांत नवे कोरे हातमोजे. बांधाच्या तोंडाशी दोन माडांना एक मोठा बॅनर बांधला. त्याच्यावर इंग्लिशमध्ये लिहिलेलं की सेवेला सीमा नाही. पुढे मला त्याचा प्रत्यय आला.

त्यांचं एक होतं. प्रत्येक देशाची शाखा त्या दिवशी किती किलो कचरा उचलला ते कळवते. जिचा जास्त, तिचं नाव पहिलं. म्हणून त्यांनी सोबत झाडाला टांगायचा काटा आणला होता. झाडू आणायला विसरले होते.

काम सुरू व्हायच्या आधी मला बोलायला उभं केलं. मी दोनच वाक्यं बोललो. "बांधावरच्या बाटल्या उचला. मानशीला कोणी हात लावायचा नाही, लावला तर मी हात मोडीन." उल्हासने त्याचं इंग्लिश केलं. माझी दोन वाक्यं, त्याची बारा. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. हात मोडण्यावर कोण टाळ्या वाजवतं? मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. नंतर विचारलं तर म्हणाला, "आबा, पावण्यांक असां कसां सांगतलो? मी सांगलंय, तुमका बघून आबांक आनंद झालो."

मग त्यांनी दोन टीम केल्या. एक टीम बांधावर गेली. दुसरी मला घेऊन मांडवात बसली. माझा सत्कार करायचा होता, 'खाजनाचा राखणदार' म्हणून. मॅडम बोलल्या, उल्हास बोलला, एक दाढीवाला स्लाइड दाखवायला बघत होता पण उजेडात काही दिसेना. राखणदाराला खुर्चीत बसवून ठेवलं आणि तिकडे राखण उघडी. शाल घातली. पातळ होती. माझी बायको असती तर तिने बोटांत धरून बघितलं असतं आणि म्हटलं असतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली दिसते.

तेवढ्यात काट्यापाशी बावीस किलो झाले.

मी उठलो. मॅडमचं वाक्य अर्धं राहिलं. झाडाखाली सात पोती ओळीने ठेवलेली. मी पहिलं उपडं केलं. काळी चिकणमाती पडली आणि तिच्यातून पेंढ्याच्या वेण्या. काही अख्ख्या, काही कोयत्याने तोडलेल्या.

त्या वेण्या माझ्या बायकोने वळल्या होत्या. दर मे महिन्यात ती सोप्यावर बसून वळायची. एक पीळ सुलटा, त्याच्यावर एक उलटा, म्हणजे भिजल्यावर सुटत नाही, उलट आवळते. आषाढात ती गेली. दोन महिने झाले होते. ह्या शेवटच्या.

"हे कोणी काढलं?" मी विचारलं.

एक पोरगेलासा माणूस पुढे आला, पन्नाशीचाच असेल, पण असले टी-शर्ट घातले की सगळे पोरगेले दिसतात. खूश होता. "अंकल, दरवाजाच्या दोन्ही बाजूंनी पूर्ण चोक झालं होतं. आम्ही क्लीन केलं. दहा-बारा वर्षांची घाण असेल."

"चार महिन्यांची," मी म्हटलं आणि धावलो. सत्तर पार झालेला माणूस शाल घेऊन जितका धावतो तितका.

आतल्या बाजूने बघितलं तर उजव्या फटीतून पाणी येत होतं. नुसतं झिरपत नव्हतं, उसळत होतं. फट बोटाएवढी असते तोपर्यंत ठीक. पण पाणी बाजूची माती धुऊन नेतं आणि फट हाताएवढी होते. मग चौकट हलते. चौकट गेली की मानस गेली. आत बाराजणांची शेती, कणसांत दूध भरायला लागलेलं. त्याच वेळी मुळांत मीठ गेलं की दाणा भरत नाही, नुसती पोल होते. आणि चौकटच गेली असती तर जमिनीतलं मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे लागले असते. भरती पुरी चढायला अजून तास होता.

"पोती आणा!" मी ओरडलो. "सगळी! परत!"

मॅडम मागून आल्या होत्या. "काका, पण ती मोजून झालीत. आकडा पाठवलाय."

"आकडो घे आणि कोंब हय फटीत!" हे मी बोललो. शहाणी बाई, एवढं तिला भाषांतराशिवाय कळलं.

त्यांच्यात एक डॉक्टर होता. जाडा, टकला, सकाळपासून कोणाशी फारसं न बोललेला. त्याने बूट काढले, पोतं खांद्यावर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यात माझ्या शेजारी उतरला. त्याचं बघून बाकीचे लागले. पोती येत राहिली. मी वेण्या निवडून फटीत कोंबत होतो, डॉक्टर चिखल देत होता. पण सुटी झालेली माती धरत नव्हती. थापली की धुऊन जायची. चिकणमातीला बसायला वेळ लागतो, आणि नदी तो देत नव्हती.

मी शाल कोंबली. ती एका घोटात गेली.

"नदीच्या अंगानं काय तरी आडवां सोडूक व्हया," मी म्हटलं. "मोठां. पाणी जावचां नाय असां."

डॉक्टर मान वर करून बघत राहिला. बॅनर माडांवर फडफडत होता. दहा फूट लांब, जाड प्लास्टिकचा.

"नो!" मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर, प्लीज! साडेअकराला दुबईचा ग्रुप व्हिडिओवर येणार आहे. त्याच्यासमोर फोटो व्हायचाय!"

डॉक्टर चिखलाच्या पायांनी वर गेला आणि कोयत्याने दोऱ्या कापल्या. खालच्या काठाला आम्ही दगड बांधले आणि मानशीच्या बाहेरून, नदीच्या बाजूने, बॅनर खाली सोडला. पुढचं काम नदीने केलं. जे पाणी आत घुसायला बघत होतं, त्यानेच बॅनर फटींवर दाबून धरला. आतलं उसळणं हळूहळू बसलं. मग वेण्या आणि माती पुन्हा भरायला अर्धा तास मिळाला.

दुबईवाले व्हिडिओवर आले तेव्हा तीस माणसं चिखलात उभी होती आणि पोती रिकामी होती. मॅडमनी फोन फिरवून सगळं दाखवलं. दुबईत टाळ्या पडल्या. तिथे कशालाही टाळ्या पडत असाव्यात.

जेवण ठरल्याप्रमाणे झालं. डॉक्टर माझ्या शेजारी बसला. त्याने एकच विचारलं, "त्या वेण्या कोणी केल्या होत्या?" मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि सोलकढी घेतली. बरं केलं.

आता काय झालं ते सांगतो. अकराजणांचं पीक वाचलं. बारावा मी. माझा कुणगा, म्हणजे शेताचा तुकडा, मानशीला लागूनच. खारं पाणी पहिलं तिथे साचलं. ओहोटीला सगळं सोडून दिलं, पण अर्ध्या कुणग्याची पोल झाली. एकवीस वेण्यांपैकी सोळा परत बसवल्या. लोकांनी विचारलं, एखादी आठवण म्हणून घरी नाही ठेवली? ठेवून काय करू, पूजा? तिने त्या मानशीसाठी वळल्या होत्या.

उल्हासला मी महिनाभर घरात घेतला नाही. मग चतुर्थीचे लाडू घेऊन आला, शिळे. घेतला.

तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला तोच एक पाकीट घेऊन आला. गोव्याच्या शाखेला पहिला नंबर मिळाला होता. मी म्हटलं, कचरा तर सगळा परत भरला. तर म्हणाला, आकडा गेलेला तो गेलेला, आणि वर 'जुनी मानस वाचवली' म्हणून वेगळं बक्षीस. कोणापासून वाचवली ते लिहिलं नव्हतं. पाकिटात माझ्या नावाचं सर्टिफिकेट. रंगीत, जाड, लॅमिनेट केलेलं. आयुष्यातलं पहिलं.

पुढच्या वर्षी मॅडमचा फोन आला. "काका, किती वाजता येऊ?" मी म्हटलं, "फाटेचे पाचाक." पाचजण आले. डॉक्टर होता. मॅडमही होत्या, जुन्या साडीत. काटा आणला नव्हता. त्यांनी बाटल्या उचलल्या आणि मानशीकडे बघायचं झालं तरी आधी मला विचारलं. एवढंच शिकवायला अर्धा कुणगा खर्ची पडला. युनिव्हर्सिटीची फी याहून जास्त असते म्हणतात.

वेण्या आता मी वळतो. सुलटा पीळ जमतो, उलटा जमत नाही. पहिल्या उधाणाला माझी वेणी सुटते. म्हणून डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे जास्तच झिरपतं, तिथे मी ते सर्टिफिकेट ठोकून बसवलंय. लॅमिनेट आहे. आतल्या कागदाला अजून पाणी लागलेलं नाही.