एका गालाचं उटणं

"हात द्या हिकडं."

दुकानात पाऊल टाकलं की बाई आधी एवढंच म्हणायच्या. काय हवंय हे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. तुम्ही गोधडी घ्यायला आलेले असा, नाहीतर वेताची टोपली, तुमच्या एका हाताला उटणं चोळलं जायचं, तो धुतला जायचा, मग दोन्ही हात शेजारी शेजारी धरून प्रश्न यायचा, "आता सांगा पावणं, फरक हाय का न्हाय?" 'नाही' म्हणायची छाती मी तरी कुणात पाहिली नाही.

सत्तरच्या सुमाराला राजारामपुरीत माझा टायपिंगचा क्लास होता आणि खालच्या गाळ्यात बाईंचं हे दुकान. माल सगळा खेड्यांतल्या बायकांनी घरी केलेला. प्रत्येक पुड्यावर करणारीच्या नावाची चिठ्ठी. उटणं चांगलं आहे का, असं विचारलं तर बाई म्हणायच्या, "शेवंतानं केलंय की!" शेवंता मलकापूरकडची. तिला अख्खं कोल्हापूर ओळखतं, अशी बाईंची समजूत होती.

पण उटणं खपायचं दिवाळीपुरतंच. पुढं शेवंता आणि तिच्याबरोबरच्या बायका दुसऱ्यांच्या रानात राबायला जायच्या. बाईंना याचं फार वाईट वाटायचं. म्हणून मुंबईचे एक दुकानदार शेटजी माल बघायला येणार म्हटल्यावर त्या कडक इस्त्रीचं पातळ नेसून आल्या.

शेटजी एस.टी.ची धूळ खात आले. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला नुसता हात कसा पुरणार? बाईंनी त्यांच्या उजव्या गालालाच उटणं फासलं. धुतल्यावर गाल असा तुकतुकीत झाला, की शेटजी आरशासमोरून हलेनात.

"माल उत्तम आहे. वर्षभर घेतो," ते म्हणाले. "फक्त या चिठ्ठ्या काढा. पुड्यावर आमच्या दुकानाचं नाव राहील."

बाई डाव्या गालाकडे वळल्या होत्या. त्यांनी उटण्याच्या वाटीवर ताटली झाकली.

"मग न्हाय जमायचं."

"अहो, निदान हा गाल तरी!"

"शेवंताचं नाव न्हाय, तर शेवंताचं उटणं बी न्हाय."

वर माझी यंत्रं कधीच बंद पडली होती. सगळा क्लास जिन्यात उभा होता. शेवंता आणि बाकीच्या बायकांचं हातातलं काम जाणार म्हणून मी बाईंना 'हो म्हणा' अशा खुणा केल्या. शेटजींनी रुमालानं डावा गाल पुसून पाहिला. तो आणखीच मळकट दिसायला लागला.

"राहू द्या चिठ्ठ्या," ते शेवटी म्हणाले. "पण लवकर चोळा. मला गाडी गाठायची आहे."

"मग द्या की गाल हिकडं!"

पुढं कितीतरी वर्षं शेवंताच्या नावाचं उटणं मुंबईला जात राहिलं. एका श्रावणात बाई अचानक गेल्या. दिवाळीचा माल न्यायला शेटजी स्वतः आले. शेवंता आणि इतर बायका पुडे घेऊन दुकानात उभ्या होत्या. प्रत्येक पुड्यावर एकच नाव होतं, बाईंचं.

"औंदा आमची नावं घातली न्हाईत," शेवंता म्हणाली. "चालंल न्हवं?"

शेटजींनी मान हलवली आणि कितीतरी वेळ डाव्या गालावरून हात फिरवत राहिले.