आखितीला जुंपलेली बॅटरी

घोडेगावच्या बाजारात रंगनाथला सगळे हेडी म्हणत. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. इकडचा बैल घ्यायचा, तिकडं विकायचा आणि मधल्या मधे आपल्या भाकरीची सोय बघायची. तो धंदा सोडून त्याला सहा वर्षं झाली, तरी नाव काही सुटलं नाही. नगरला लष्कराच्या लिलावात एक जुनी जीप निघाली, ती बघून गड्याचं डोकं फिरलं आणि दावणीची जोडी विकून त्यानं जीप दारात आणली. लोक म्हणाले, हेडीला म्हातारपणाआधीच चळ लागला.

गाडी आली, पण माणूस बैलाचाच राहिला. सकाळी उठला की बॉनेटवर थाप मारायचा. इमामपूरचा घाट चढून आली की तिला झाडाखाली उभी करायचा आणि म्हणायचा, "दम खाऊ द्या तिला." तोवर उतारूंनी काय करायचं ते उतारूंनी बघायचं. पुढं तीन, मागं आठ आणि फळीला लोंबकळणारे वेगळे, अशा घोडेगाव ते नगर खेपा चालायच्या.

सत्तर सालच्या हिवाळ्यात गाडीची बॅटरी बसली. आधी नुसतं कण्हायची. मग कण्हणंही सोडलं. टाचेखालचं बटण दाबलं की बॉनेटखाली 'टक' व्हायचं आणि पुढं काही नाही. रंगनाथनं त्यावर तोड काढली, ती म्हणजे उतार. घोडेगावात मारुतीच्या देवळामागं एक, नगरात दोन, असे उतार त्यानं हेरून ठेवले आणि गाडी तिथंच उभी करायची असा नेम केला. सपाटीला बंद पडलीच तर उतारूंनी खाली उतरून ढकलायची. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "बसून पाय आखडत्यात, जरा मोकळे करा." लोकांनाही सवय झाली. हेडीच्या गाडीनं जायचं तर घरून भाकरी खाऊन निघावं, एवढंच ते म्हणत.

फाल्गुनात मात्र घोटाळा झाला. एका वरातीत गाडी भर फुफाट्यात बंद पडली. वऱ्हाडी म्हातारे निघाले, जोर पुरेना, तेव्हा खुद्द नवरदेव मुंडावळ्या मागं टाकून खाली उतरला आणि खांदा देऊन गाडी ढकलली. घोड्यावर बसायचा गडी गाडीमागं पळत सासरच्या वेशीत शिरला. ही गोष्ट गावोगाव गेली, आणि रंगनाथच्या थोरल्या बहिणीच्या घरीही गेली.

ही बहीण रतनबाई. दोन कोसांवर चांद्याला दिलेली. तिच्या केशरचं लग्न आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला धरलं होतं, मुलगा सुप्याकडचा. भाची मामाच्या गाडीतून सासरी जाणार, हे जीप आली त्या दिवसापासून ठरलेलं. रंगनाथनं तर हुडाला झालर कुठल्या रंगाची लावायची तेसुद्धा ठरवलं होतं. रतनबाई आली, ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "रंगा, पोर तुझ्या गाडीत बसायची न्हाई."

"का गं आक्का?"

"सुप्याला जायचंय. वाटंत बंद पडली तर केशरीनं शालू खवून ढकलायची व्हय?"

"तिला कशाला लावतो ढकलायला? वऱ्हाडी असत्यात की."

"हेच म्हनते मी. लोकं वऱ्हाडाला जेवायला बोलावत्यात, तू ढकलायला बोलावतो. तुझ्या दाजीनं नगरच्या छगनची टॅक्सी सांगितलीय. गपगार चालती, दारंसुदिक लागत्यात तिची."

रंगनाथचं तोंड उतरलं. "मामाची गाडी दारात असताना भाची भाड्याच्या गाडीत जानार? लोकं काय म्हनतील?"

"म्हनतील, पोरीच्या आईला अक्कल हाय."

रंगनाथ खाली बघून जमीन उकरीत बसला. रतनबाईला भाऊ एकच. ती जरा नरम होऊन म्हणाली, "बरं, आईक. मांडवाच्या दारात सपाटीला गाडी उभी करायची. न ढकलता चालू झाली तर पोर तुझ्या गाडीत. मागनं एक हात जरी लागला, तर छगनच्या."

ती गेल्यावर रंगनाथची बायको चांगुणा आतून बाहेर आली. "कवाधरनं म्हनते, नवी बॅटरी आना. त्या जुनीला पानी पाजून पाजून माझा हात मोडला."

आखिती तीन दिवसांवर आली तेव्हा कुठं रंगनाथला सवड झाली, आणि तो नगरला निघाला. माळीवाड्याकडं शामकांत जोशी नावाच्या गृहस्थाचं बॅटरीचं दुकान होतं. बाप पंचांग सांगायचा, हा बॅटऱ्या विकायचा. शामकांतनं आधी जुन्या बॅटरीची बुचं काढून आत डोकावलं.

"आत पाणी कसलं घालता?"

"हिरीचं. बैलं पित्यात तेच."

"अहो, तुमच्याकडचं पाणी मचूळ. हिला नुसतं शुद्ध केलेलं पाणी लागतं. बघा, केवढा थर साचलाय."

"बैलांना कधी काय झालं न्हाई."

शामकांत जरा घुटमळला आणि म्हणाला, "बैल मुतून टाकतो. ही कुठं टाकणार?"

रंगनाथला हे पटलं. या माणसाला आपल्या जनावराची जाण आहे, असं त्याचं मत झालं आणि तो पायरीवरून आत येऊन बसला.

शामकांतनं ॲसिड भरून, चार्ज करून ठेवलेल्या तीन बॅटऱ्या पुढं मांडल्या. पहिली सगळ्यात मोठी. रंगनाथनं तिच्यावर हात ठेवला, तर शामकांत म्हणाला, "ती ट्रकची. तुमच्या जीपमध्ये बसायचीच नाही." दुसरी चकचकीत, लाल बुचांची. तिसरी दिसायला अगदी काळीसावळी. रंगनाथ उठला. दोन्ही बॅटऱ्यांभोवती एक चक्कर मारली. मग एकेक उचलून मांडीशी धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. काळी जड लागत होती. मग लाल बुचवालीच्या शिशाच्या खुंट्यांवरून त्यानं अंगठा फिरवला. तारा ज्यांना आवळतात, त्या दोन खुंट्या.

"हिचं दात घासल्यात," तो म्हणाला. म्हातारा बैल तरणा दिसावा म्हणून बाजारात त्याचे दात घासतात.

"काय?"

"खुंट्यांवर चरे हायती. ही कुनाच्या तरी गाडीला राबून आलीय. अंगावरनं हात फिरवून बाजारात उभी केलीय तुमी."

शामकांत कानापर्यंत लाल झाला. एका गिऱ्हाइकानं पंधरा दिवसांत परत आणलेली, कमी किमतीत द्यायची म्हणून पुसून ठेवली होती, सांगणारच होतो, असं काहीतरी तो बोलला. रंगनाथला त्याचा राग आला नाही. बाजारात असं न करणारा हेडी त्यानं अजून बघितला नव्हता.

"काळीच द्या. पन जुंपून दावा."

"मीटर लावतो की. काटा बघा कुठं जातो."

"उभ्या बैलाचा काटा कशाला बघू? वझं द्या तिला."

मग काळी बॅटरी जीपला जोडली. दोन्ही दिवे लावले, हॉर्न धरून ठेवला आणि रंगनाथनं बटणावर टाच दिली. इंजिन पहिल्या झटक्याला धडधडलं. बंद केलं, पुन्हा दिली. असं दहा वेळा केलं. दिवे मंद झाले नाहीत. सगळी आळी दुकानापुढं जमली. मग रंगनाथनं खांद्यावरचा टॉवेल काढून शामकांतच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत, टॉवेलाखाली बोटं दाबून करतात. शामकांतला वाटलं, माणूस खूश होऊन हात मिळवतोय. त्यानंही प्रेमानं हात दाबला आणि सोडेचना.

"अवो, बोटं धरा बोटं. हात काय धरताय, लगीन लागल्यागत."

शेवटी भाव तोंडानंच झाला. पैसे दिले, आणि रंगनाथ पान्हा घेऊन नवी बॅटरी गाडीतून परत काढायला लागला.

"आता काय झालं?" शामकांतनं विचारलं.

"आज आमुशा हाय. नवं जनावर आमुशाला जुंपत न्हाईत. आखितीला जुंपू."

"आत्ताच दहा वेळा जुंपलीत की."

"ते बघनं झालं. जुंपनं निराळं."

पंचांग सांगणाऱ्याच्या पोरानं तारा धरून मदत केली. जुनी बॅटरी पुन्हा जागेवर बसली, नवी टॉवेलात गुंडाळून शेजारच्या सीटवर आली, आणि स्वतः शामकांतनं धोतर सावरून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली. नवी बॅटरी घेऊन ढकलत गेलेलं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात तेवढंच झालं असेल.

नवं जनावर दारात आलं की बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, कपाळाला हळदकुंकू लावायचं, खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, ही त्या घरची रीत. चांगुणानं बॅटरी ओसरीवर पाटावर ठेवली. पाणी घातलं, कुंकू लावलं. खांदा कुठं ते तिला कळेना. वर दोन खुंट्या दिसल्या, त्याच ती जूच्या समजली आणि त्यांना लोणी-हळद चोळली, वर अक्षता टाकल्या. तीन दिवस आळीतल्या बायका ते नवं जनावर बघायला येत होत्या. केशरच्या लग्नाची भिस्त हिच्यावर आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून जी येई ती चार बोटं हळद-लोण्याची आणि चिमूटभर तांदूळ चढवून जाई. आखितीपर्यंत बॅटरीचा देव झाला.

चांद्याला लग्न दुपारी लागलं. जेवणं उरकली. मांडवाच्या दारात एका बाजूला रंगनाथची जीप, झालर लावून, बॉनेट उघडं टाकून. दुसऱ्या बाजूला छगनची टॅक्सी, आणि तिला टेकून पान खात उभा राहिलेला छगन. रंगनाथनं नवी बॅटरी खाचेत ठेवली. कुंकू पुसायचं त्याच्या जिवावर आलं. तारांच्या पकडी खुंट्यांवर दाबून बसवल्या, पान्ह्यानं आवळल्या. नवरा-नवरी दारात आली. रतनबाई हाताची घडी घालून उभी.

रंगनाथनं बटणावर टाच दिली.

टक.

पुन्हा दिली. पुन्हा टक.

मांडवात कुणीतरी खाकरलं. सवयीनं चारपाच गडी बाह्या सारत जीपच्या मागं आले. छगननं पान थुंकलं आणि टॅक्सीचं दार उघडून धरलं. "या ताई, बसा," म्हणाला. केशर मामाकडं बघत जागीच उभी राहिली.

"मागं कोन सरकू नका," रंगनाथ म्हणाला. "हात लावायचा न्हाई कुनी."

तो खाली उतरला. कपाळावर घाम होता. त्या दिवशी दहा वेळा ओढ घेतलेलं जनावर आज जागचं हलत नाही, तर दोष जनावराचा नव्हे, ते कशाला तरी दुखतंय. त्यानं वाकून पकडीला हात लावला. आवळलेली पकड बोटानं गरागरा फिरली. पान्हा लावून ती उपसली, तर आतून पिवळा गोळा निघाला, आणि गोळ्यात तांदूळ. शिसं कुठं दिसतच नव्हतं.

त्यानं मान वर करून चांगुणाकडं बघितलं. चांगुणानं पिवळा गोळा बघितला. एवढ्या माणसांत बोलण्यासारखं नव्हतंच ते. ती तशीच आचाऱ्याच्या चुलीकडं गेली आणि तांब्याभर गरम पाणी, मूठभर राख आणि नारळाची शेंडी घेऊन आली. भरजरी लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून इंजिनावर वाकली.

"सरा. भांडं घासनं माझं काम हाय."

"बुचात राख जाऊ देऊ नको."

"मला शिकवू नका. चार दिस तुमच्यापरास मीच बघितलंय हिला."

तिनं दोन्ही खुंट्या घासल्या, पकडी आतून घासल्या, पदरानं कोरड्या केल्या. शिसं आरशासारखं निघालं. वऱ्हाडातल्या बाया खुसखुसत होत्या. नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, "आमच्याकडं गाडीला आदी पेट्रोल घालत्यात." कुणी हसलं, कुणी नाही. रंगनाथनं पकडी चढवल्या, आवळल्या, हलवून बघितल्या. बॉनेट लावलं. आत बसला आणि देवाचं नाव न घेता टाच दिली.

जीप अशी सुरू झाली की मडगार्डवर राहिलेला पाण्याचा तांब्या खाली पडला.

छगन दार धरूनच म्हणाला, "आक्का, पहिल्या बटनाला झाली न्हाई. बोली काय हुती?"

रतनबाईनं त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. "ढकलायला हात लागला का? न्हाई. मधे भांडी घासली तेवढीच. लग्नाघरी भांडी घासावीच लागत्यात." मग तिनं केशरचा दंड धरला आणि तिला जीपच्या पुढच्या सीटवर नेऊन बसवलं; नवरा मुलगा मागं चढला. छगनच्या टॅक्सीत नवऱ्या मुलाचा बाप बसला, दारं लागतात म्हणून.

नगरपर्यंत केशर रडत होती. रंगनाथला पोरीला काय बोलावं ते सुचेना, म्हणून जेऊरला त्यानं गाडी थांबवली, बंद केली आणि टाच दिली. एका झटक्यात सुरू. "बघ," तो म्हणाला. नगरच्या वेशीत पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. माळीवाड्यात शामकांतच्या दुकानापुढं तर दोनदा. शामकांत गल्ल्यावरून उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर जिथं सपाटी दिसेल तिथं रंगनाथ गाडी बंद करी. सहा महिने ज्याला उतारच शोधावे लागले, त्याला आता सपाटी बघून राहवेना. मागची टॅक्सी दर वेळी करकचून थांबे आणि आतून नवऱ्या मुलाचा बाप डोकं बाहेर काढी.

सुपं दिसायला लागलं तसं एका लिंबाखाली रंगनाथनं पुन्हा किल्लीला हात घातला. तेव्हा केशरनं पदरानं डोळे पुसले आणि त्याचा हात धरला.

"मामा, आता बास. सकाळपासनं माझ्या पोटात कन न्हाई. त्ये लोक जेवायला थांबलं असत्याल."