पिवळा अलर्ट आणि बाजेखालची शेगडी

अकोल्यात अलर्ट म्हणजे उन्हाचा, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की थंडीच्या लाटेचा पिवळा अलर्ट आला तेव्हा बाबा हसलेच. "यंदा आमालेबी थंडी भेटली बाप्पा," म्हणाले. पिवळा म्हणजे काय अन् नारंगी म्हणजे काय, कोणाला पडली होती? मी बाळंतपणाला जठारपेठेत माहेरी आले होते, लेक अजून सव्वा महिन्याची व्हायची होती, आणि मला झोपेपलीकडे काही सुचत नव्हतं.

आई मात्र हसली नाही. 'थंडीची लाट' एवढेच शब्द ऐकून ती कामाला लागली. खोलीच्या काचेच्या खिडक्या ओढून घेतल्या, फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या, वरच्या झरोक्याला खताचं रिकामं पोतं ठोकलं. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. न्हाणं झालं की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, तिच्यावर ओवा टाकायचा आणि मायलेकरांना पांघरूण घालून पडू द्यायचं. एरवी ती शेगडी थोड्या वेळात बाहेर जायची. त्या सकाळी आईनं ती काठोकाठ भरून आणली आणि तिथंच ठेवली.

"आई, जीव घुसमटून राहिला माहा," मी म्हटलं.

"थंडी भरली म्हणजे समजन तुले. गुपचूप पड." आणि वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून तिनं बाहेरून कडी घातली.

थोड्या वेळानं माझं डोकं ठणकायला लागलं. मळमळलं. वाटलं, डिंकाचे लाडू बाधले. लेक न रडता शहाण्यासारखी झोपली म्हणून मला चक्क बरं वाटलं. डोळे जड झाले होते, तरी सवयीनं फोन हातात घेतला. भावानं तोच अलर्ट घरच्या ग्रुपवर टाकलेला. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. वाचला मात्र कोणीच नसणार, आमच्या घरात दोन ओळींपुढे कोणी जातच नाही. मी गेले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. उद्या नारंगी, म्हणजे तयारीत राहा. गरम कपडे, म्हातारी माणसं, तान्ही लेकरं. आणि त्याखाली: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, विषारी वायू साचतो, त्याला वास येत नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी वाटली तर ताबडतोब मोकळ्या हवेत या.

मी लेकीचा हात उचलून सोडला. तो तसाच पडला.

उठायला गेले तर पायांत जीवच नाही. तिला छातीशी धरून बाजेवरून घसरले, सरपटत दारापाशी गेले आणि लाथा मारायला लागले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. आई आली ती चिडूनच, "काहून दार तोडून राहिली?" मला बोलता येईना. लेकीला तिच्या हातात कोंबलं आणि अंगणाकडे बोट केलं. आईनं तिचा चेहरा पाहिला आणि तशीच बाहेर पळाली. किती वेळ गेला कोण जाणे. मग बारीक कुरकुर ऐकू आली, आणि मग रडणं.

दवाखान्यात दोघींनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "थोडा उशीर झाला असता तर लेकरू गेलं असतं, आणि तुम्ही म्हटलं असतं, थंडी बाधली."

मी जाम भडकले होते. त्या बाई गेल्याबरोबर म्हटलं, "मारलं असतं तू आमाले दोघींले. अलर्ट ऐकाचा तं पुरता ऐकाचा."

आई कधी ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी ती कॉटच्या कडेला टेकली. पदर तोंडाशी धरलेला. मग म्हणाली, "तुह्या आधी एक पोरगा झाला होता मले. दर्यापूरच्या घरी."

एवढी मोठी झाले, स्वतः आई झाले, आणि घरात कोणी हे कधी बोललं नव्हतं.

"लय थंडी होती त्या साली. छपराच्या कवेलूच्या फटी मीच बुजवल्या पोत्यायनं. शेगडी जवळ ठेवली अन् चुलीपाशी गेली. येऊन पाह्यलं तं हालेच ना. सगळे म्हणे, थंडीनं गेला. मीबी तेच म्हणत आली."

माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "मंग थो थंडीनं नसन गेला का वं?"