दर गुरुवारी पाच वाजता पडणारा खटका

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा तुम्ही बटणं बंद करता का? खरं सांगा. नाही करत. पंखा, टीव्ही, दिवा, सगळं चालूच ठेवता, म्हणजे लाइट आली की लगेच कळतं. मीही तेच करायचे. याच सवयीपायी आपण एका माणसाला लबाड ठरवत आणलंय, म्हणून विचारते.

तो माणूस म्हणजे मैनुद्दीनभाई. बिबवेवाडीतल्या आपल्या इमारतीचे इलेक्ट्रिशियन, बावीस वर्षं. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर शरच्चंद्रकाकांचा कॉम्प्युटर क्लास, वर आपण राहणारे. कुठली वायर कुठे जाते ते प्रत्येक मीटरखाली त्यांच्या हाताने लिहिलेलं आहे. शाळा सातवीपर्यंत. नवीन वस्तूच्या खोक्यातलं माहितीपत्रक आपण फेकतो, ते मैनुद्दीनभाई मागून नेतात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि डिक्शनरी घेऊन वाचतात. मी कायदा असाच, घरी वाचून शिकले. म्हणजे हा माणूस मला तरी ओळखता यायला हवा होता.

यंदा, २००५ च्या उन्हाळ्यात, काकांनी क्लासमध्ये सोळा कॉम्प्युटर आणले. तेव्हापासून दर गुरुवारी पाचला लाइट आली की क्लासचा मेन खटका, म्हणजे पॅनेलमधला एमसीबी, पडायचा आणि क्लासपुरती लाइट पुन्हा जायची. इतर दिवशी नाही. मग मैनुद्दीनभाई येणार, आधी क्लासभर फिरून बटणांना हात लावणार, मग खटका वर करणार.

"फिरतात कशाला ते?" काका मला म्हणाले. "खटका पडतो की काम काढायला पाडतात, शकूताई?"

मला एवढं पुरलं. मी अर्ज लिहिला, दारोदार फिरून एकतीस सह्या घेतल्या. येत्या रविवारच्या सभेत मैनुद्दीनभाईंना इमारतीच्या कामावरून काढायचं, असा विषय लागला.

पण सभेत मांडायला मला पुरावा लागतो. गेल्या गुरुवारी दुपारी मी क्लासच्या पॅनेलला माझं कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली आणि समोर स्टूल टाकून बसले. मैनुद्दीनभाई रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर. खिडकीतून मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही. पाचला लाइट आली आणि कुलपाच्या आत आवाज झाला. खट्.

मी खिडकीतूनच त्यांना हाक मारली. ते आले, कुलूप हाताने तोलून पाहिलं.

"कुलूप चांगलंय, ताई. पण चोर आतच राहत असेल तर?"

"मला कोडी घालू नका."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. काकांनी खोकी रद्दीत घातली होती. रद्दीवाल्याकडे दोन आठवडे खेटे घालून मैनुद्दीनभाईंनी या कॉम्प्युटरचं माहितीपत्रक मिळवलं होतं.

"मागच्या स्टिकरवर काय लिहिलंय? दीड अँपिअर. सोळांचे चोवीस. खटका बत्तीसचा. पडायला नको ना?"

"नको."

"आता ही खालची बारीक ओळ वाचा."

वाचली. इनरश करंट, चाळीस अँपिअर.

"हा चालू होतानाचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. प्रत्येकाच्या पोटात वीज साठवणारा कपॅसिटर असतो. लाइट गेली की तो रिकामा होतो, आली की पहिल्या झटक्यात भरून घेतो, मग गप्प. एकेक लावला तर तेवढे चाळीस खटका क्षणभर सोसतो, कुणाला कळत नाही. सोळांनी एकदम ओढलं तर खटका पडणारच. रोज पोरं मागेपुढे येतात, आपापला लावतात. गुरुवारी सगळी बटणं चालूच राहतात."

माझा तरीही विश्वास बसला नाही. कुलूप काढून मी स्वतः तीनदा करून पाहिलं. सोळा बटणं चालू ठेवून खटका वर केला, पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. सगळी बंद करून केला, टिकला. मग एकेक लावत गेले. सोळाही चालू.

"योगायोग असू शकतो," काका दारातून म्हणाले.

"मग चौथ्यांदा तुम्ही करा," मी म्हणाले. ते आले नाहीत.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी मैनुद्दीनभाईंना विचारलं.

"काकांना म्हणालो होतो, लाइट गेली की बटणं बंद करा. ते म्हणाले, क्लास माझा आहे."

"आणि मला?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सह्या गोळा करण्यात होतात."

राग आला. तो काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

काका सभेतला विषय मागे घेत नाहीत. म्हणतात, एकतीस सह्या आहेत, आता कसा काढायचा? काकांच्या भाच्याचं धायरीला इलेक्ट्रिकचं दुकान आहे, हे मला आत्ता आठवलं. पुरावा नाही, म्हणून एवढंच लिहिते. एकदा तोंडघशी पडले, ते पुरे.

माझी सही मी खोडली. तीस उरल्यात, आणि त्यातली एक बहुतेक तुमची आहे. अर्ज माझ्याकडे आहे, तिसरा मजला, डावीकडचं दार. रविवारी सभेआधी, दहाच्या आत या आणि आपली सही आपल्या हाताने खोडून जा.