मेजरबाईंचं पाणी

माझी आत्या धुरपताबाई सोनकांबळे फौजेत नर्स होती. लेफ्टनंट म्हणून गेली, मेजर होऊन परत आली. आमच्या बिलोलीकडं "फौजेत बाई काय करती?" असं विचारणारे अजूनही भेटतात. त्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. लग्न तिनं केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर लातूरला घर घेतलं आणि मला कॉलेजसाठी आपल्याजवळ ठेवून घेतलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, आमची कॉलनीसुद्धा नवी. नळ होते, पाणी नव्हतं. त्या वर्षी पावसानं पार दडी मारली आणि कॉलनीत टँकर सुरू झाला. टँकर आमच्या आणि मागच्या गल्लीतल्या हौदात पाणी ओतून जायचा आणि मग आमच्या हौदावर जी जुंपायची, ती कानांनी ऐकवत नव्हती. एकदा शेजारच्या साखराबाईंचं डोकं कुणाच्या तरी घागरीनं फुटलं. आत्यानं त्यांना पट्टी बांधली, हौदाचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. "रांग लावा. मी वाटते," म्हणाली.

तिचा आवाज असा होता की बायका काय, टँकरवालासुद्धा रांगेत उभा राहिला असता. तेव्हापासून हौद तिच्याकडं. डब्यानं मोजून ती एकेकीच्या घागरीत पाणी ओतायची. कॉलनीत बाकी सगळ्या जातींची घरं होती, बौद्धांचं आमचं एकच. तरी तिच्या हातचं पाणी सगळ्या नेत. समोरच्या तुळजाबाई आमच्या घरात कधी चहासुद्धा प्यायल्या नाहीत, पण सुनांना सांगायच्या, "मेजरबाईंकडनं शिका. सगळ्यात कमी पाणी नेतात. फौजेतली सवय हाय, दिवसभर घोटसुद्धा घेत न्हाईत."

सवय फौजेतलीच होती. कसली, ते मला माहीत होतं. एकाहत्तरच्या लढाईत तंबूतल्या इस्पितळात तिची ड्यूटी होती. सगळीकडं पुरुष, बायकांना संडास नाही. अंधार पडल्याशिवाय आडोशाला जाता यायचं नाही, म्हणून सकाळचा चहा झाला की या नर्स पाणीच पीत नसत. पुढंही जिथं जिथं पाठवलं, तिथं बहुतेक तेच. ते असं अंगवळणी पडलं की पुढं चांगल्या इस्पितळात बदली झाली, सगळी सोय झाली, तरी तिची तहान काही परत आली नाही.

लातूरला आली तेव्हापासून ती कंबर धरून बसायची. मधूनच हुडहुडी भरून ताप यायचा. "पेशंट उचलून उचलून पाठ गेली," म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी बघितली आणि स्वतःचं अंगावर काढत राहिली, तेही नर्स असून. याचा मला भयंकर राग यायचा.

त्या उन्हाळ्यात तिच्या लघवीतून रक्त गेलं. मी तिचं काही एक न ऐकता ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. खडे निघाले, आणि एक किडनी जवळजवळ गेलेली. डॉक्टर म्हणाले, "दुसरी वाचवायची असेल तर पाणी प्या. भरपूर प्या. नाहीतर ती पण जाईल." आत्यानं शहाण्यासारखी मान हलवली.

घरी आल्यावर तिनं थेंबभरही जास्त पाणी घेतलं नाही. मी माझ्या वाटचं तिच्यापुढं ठेवलं, तर ते उचलून तिनं डाळीत ओतलं. मग माझी सटकली.

"मरायचंय का तुला?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? हौदातनं एक घागर जास्तीची घे. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांग त्यांना."

 ती म्हणाली, "पंचशीला, त्या बाया माझ्या हातचं पाणी का घेत्यात, तुला कळतंय का? मी पीत न्हाई म्हणून. ज्या दिवशी मी पिईन, त्या दिवशी त्यांना माझा हात दिसंल."

मला रडू आलं. तिचा राग आला, तुळजाबाईंचा त्याहून जास्त आला. "तू गेलीस तर त्या चार दिवस चांगलं बोलतील," मी म्हणाले. "माझं काय? मला कोण हाय इथं?"

ती भांडी आवरून झोपली.

दुसऱ्या दिवशी टँकर येऊन गेल्यावर आत्या हौदावर गेली. रोज आमची घागर ती शेवटी भरायची. त्या दिवशी पहिली भरली. रांगेत कुजबुज सुरू झाली. तिनं घागरीतनं तांब्याभर पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायली.

"माझी एक किडनी गेली," ती म्हणाली. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना सांगावं तशी. "फौजेत पाणी प्यायले न्हाई म्हणून गेली. आता मला जास्त लागणार. रोज पहिली घागर माझी. कुणाला काही म्हणायचं असंल तर आत्ताच म्हणा."

 साखराबाईंनी पुढं होऊन आपली घागर ठेवली. तुळजाबाईंनी मात्र आपली रिकामी घागर उचलली, सुनेलाही उचलायला लावली आणि मागच्या गल्लीतल्या हौदाकडं चालू लागल्या.

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही तांब्या खाली ठेवणार. तिनं तो पुन्हा भरला आणि तुळजाबाई कोपऱ्यावरनं वळेपर्यंत सावकाश पीत राहिली.