बाबांचं नाव यादीतून काढताना

माझ्या बाबांनी आजवर एकही मतदान चुकवलं नाही. पंचायतीचं असो की दिल्लीचं, सात वाजता केंद्र उघडायचं आणि साडेसहालाच आमच्या सर्वण गावच्या शाळेच्या पायरीवर बाबा हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात ओळखपत्र. आधी मत, मग चहा. मत कुणाला दिलं हे आईलाही कधी कळलं नाही, आणि ज्याला दिलं त्यानं पुढं काही केल्याचंही दिसलं नाही.

देशावर हा माणूस खूश होता असं मुळीच नाही. खाणीची लाल माती वाहून आमच्या शेतात बसली तेव्हा त्यांनी पणजीला सात खेपा घातल्या. दरवेळी अर्ज घेतला, शिक्का मारला, परत पाठवलं. घरी येऊन ते सरकारला अशा शिव्या घालत की आई दार लोटून घ्यायची. पण दुसऱ्या कुणी देशाला नावं ठेवली की भरल्या ताटावरून उठायचे.

पुढं खाण बंद झाली. माझा भाऊ गौरेश शिरगावला खाणीवर ट्रक चालवायचा, तो घरी बसला. शेवटी आमच्याकडं पुष्कळ जण धरतात ती वाट त्यानं धरली, पोर्तुगीज पासपोर्टची. बाबांचा जन्म पन्नास सालचा, पोर्तुगीज अमलातला. तो लिस्बनला नोंदवला की मुलाला पासपोर्ट मिळतो. तेव्हा त्यावर लंडनलाही जाता यायचं.

बाबा दोन वर्षं नाही म्हणत राहिले. गळ घातली ती मी. "तुमकां खंय वचपाचें आसा? फकत कागद तो," म्हटलं. जायचं गौरेशला होतं, त्यांना नव्हे. पासपोर्टचं काम करणारा एजंटही हेच सांगत होता. बाबांनी सही केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. गौरेश लंडनला गेला. आता तिकडं गोदामात खोकी उचलतो.

मी अंगणवाडी सेविका, म्हणजे सरकारला कुठल्याही कामाला जुंपता येणारी बाई. यंदा मतदारयादीची तपासणी माझ्या गळ्यात आली. घरोघर जायचं आणि मेलेले, गाव सोडून गेलेले, परदेशी नागरिक झालेले, यांची नावं काढायला अर्ज भरायचे. लिस्बनला जन्म नोंदवलेले लोक आता भारतीय नागरिक नाहीत, असं साहेबांनी समजावलं. गावातली सहा नावं काढली. सातवं माहेरचं.

जो देश माझ्या भावाला काम देऊ शकला नाही, तो आता बापाचं मत काढून घेणार, तेही माझ्या हातून. पंधरा ऑगस्टला अंगणवाडीत झेंडा वर जातो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून तर राग जास्त येतो. परक्यावर कोण एवढं चिडेल?

बाबा कागदांची पिशवी घेऊन ओट्यावर वाटच बघत होते. नवा फोटोसुद्धा काढून आणला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी बसल्या जागी ओट्यावर हात थोपटला.

"हांव खंय गेलां गो?" ते म्हणाले. "हांव हांगाच आसां."

"मी काहीच लिहीत नाही," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही."

"दुसऱ्यांचीं नांवां काडलीं मगे? मागीर म्हजेंय काड."

मी अर्ज काढला. त्यांनी चष्मा लावला आणि नाव काढायची कारणं एकेक करून वाचली. पहिल्यावर बोट ठेवलं.

"हांगा मेलो म्हणून घाल. भायल्या देशाचो म्हणून घालूं नाका."

"ताका मरणाचो दाखलो लागता, बाबा."

असं मी बोलले, याची अजून लाज वाटते. त्यांनी चष्मा काढला, पिशवी उचलली आणि आत गेले. मी 'भारतीय नागरिक नाही' यावर खूण केली. त्याखाली, हे नाव यादीत नको अशी हरकत घेणाऱ्याचं नाव मागतात. तिथं मी माझं नाव लिहिलं आणि नात्याच्या जागी 'मुलगी'.