वांग्यावर आलेला आळ

मगदूम मॅडम चिडल्या की आवाज चढवत नसत. खुर्ची मागे सारून उभ्या राहत आणि चष्मा पदराला पुसत. तेवढ्यानं आमची खोली गप्प व्हायची.

सांगलीच्या एका खासगी हॉस्पिटलात त्या मेडिकल कोडिंगच्या प्रमुख होत्या. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला आणि त्याच्या कारणाला ठरलेला कोड द्यायचा, हे आमचं काम. त्यावर विम्याचं बिल निघे, आणि रुग्ण पुन्हा आला तर संगणकावर त्याच्या नावापुढे सूचनाही येई. कवठे महांकाळहून बीएस्सी होऊन आलेली मी, घरातली पहिली पदवीधर. हे काम मला त्यांनीच शिकवलं. ‘काय झालं ते कुणीबी लिहितंय,’ त्या म्हणत. ‘कशानं झालं ते शोध, मग पगार घे.’

एकदा कॅज्युअल्टीतली फाईल माझ्याकडे आली. आमच्याच भागातल्या एक धनगर मावशी. अंगभर गांध्या, सुजलेले ओठ, धाप. इलाजानं उतार पडला होता. दाखल न करता संध्याकाळी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी कारण लिहिलं होतं, वांगं. मी अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा कोड देऊ लागले. मॅडमनी नर्सची नोंद वाचली: सकाळी गावात गुडघ्यासाठी इंजेक्शन घेतलं. चष्मा पदराकडे गेला.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ‘घरचेच वांगं म्हणतात, मॅडम. तेच लिहा आणि पुढची फाईल घ्या.’

‘जन्मभर वांगी खाल्लेल्या बाईला आजच बाधलं व्हय?’

डॉक्टरांनी नोंद बदलल्याशिवाय आम्हाला कोड बदलता येत नाही. म्हणून मॅडम डॉक्टरांना घेऊनच मावशींच्या खाटेपाशी गेल्या. मागोमाग मी.

मावशींनी मान खाली घातली. ‘सुई घेतली व्हती. पण आवं बाई, आमचा डॉक्टर देवमाणूस हाय. हाक मारली की धावत येतो. त्याच्यावर बालंट नगं.’

‘डॉक्टरचं नाव कोण लिहितंय? सुईचं लिहायचंय. उद्या हीच सुई हितं कुणी टोचली, तर वांग्याला धरायचं व्हय?’

मावशींच्या मुलानं गावी फोन केला. त्या डॉक्टरनं औषधाचं नाव लगेच सांगितलं. नोंद बदलली, कोड बदलला.

पुढे मॅडमनाच कामावरून कमी केलं. त्यांच्यामुळे फायली तुंबतात म्हणे, डॉक्टरांचा खोळंबा होतो म्हणे. न विचारता वांगं लिहून मोकळे झालेले तिथेच राहिले. निरोपाला दिलेला पुष्पगुच्छ मॅडमनी जाताना वॉचमनच्या टेबलावर ठेवला. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

वर्षभरानं मावशी पुन्हा गुडघा धरून आल्या. नवे डॉक्टर तेच इंजेक्शन लिहू लागले आणि पडद्यावर लाल सूचना आली. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये संगणकाचं तोंडभरून कौतुक केलं. मी तडक बाहेर आले, मॅडमना फोन लावला आणि रागारागानं सगळं सांगितलं, साहेबांसकट.

त्यांनी ऐकून घेतलं. ‘ओवाळा म्हणावं संगणकाला. मावशीच्या गुडघ्याचं काय केलं, ते सांग.’

ते मी विचारलंच नव्हतं. पलीकडे चष्मा पुसला जात असणार. मी फोन कानाला तसाच धरून नव्या डॉक्टरांना गाठायला जिना उतरू लागले.